गळ्याला भंडारा

"मॅडम, आपन पळू राह्यलो अन् मागून काही अंगावर आलं, तर काय करायचं?"

शिट्टी माझ्या ओठांवरच राहिली. समोर बायका गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होत्या, कुणाच्या अंगात बोलायचं बळ नव्हतं. कोकिळामावशी मात्र पदर खोचून ताठ उभी होती आणि मला हे विचारत होती. काही म्हणजे काय, असं मी विचारलं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "काहीही. गाडीच समजा."

मग बाजूला व्हायचं, असं मी सांगितलं. सगळ्या हसल्या. ती हसली नाही. माझं उत्तर तिच्या कामाचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्याहून व्यायामशास्त्राचा डिप्लोमा घेऊन आणि तिथली नोकरी सोडून जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी परत आले होते. बंद पडलेल्या जिनिंगची एक शेड भाड्यानं घेतली आणि बायकांसाठी सकाळचा वर्ग सुरू केला. आमचं आडनाव झोपे. झोपेबाई व्यायाम शिकवणार म्हटल्यावर गावानं आधी पोटभर हसून घेतलं आणि मग हळूहळू बायका यायला लागल्या.

माझी पद्धत त्यांना नवीन होती. तासभर रमतगमत चालायचं नाही. थोडा वेळ जीव तोडून पळायचं, उड्या मारायच्या, बसून उठायचं, मग थोडा वेळ दम खायचा, आणि पुन्हा जीव तोडून. एक शिट्टी म्हणजे सुटायचं, दोन शिट्ट्या म्हणजे थांबायचं. पुण्यात या प्रकाराला लांबलचक इंग्रजी नाव होतं. इथं शिट्ट्या ऐकून बायकांनी त्याला 'कुकर' म्हणायला सुरुवात केली आणि रस्त्यात एकमेकींना "कुकरला येतेस का गं?" असं विचारू लागल्या. मी त्यांना समजावून सांगायची, की काळजाला भरभर चढायची आणि भरभर उतरायची सवय लागली की जिना चढताना छाती फुटत नाही, साखर ताब्यात राहते, रात्री झोप लागते, आणि स्वयंपाकाला उशीरही होत नाही. हे शेवटचं कारण सगळ्यांत जास्त पटायचं.

नियम एकच कडक होता. दम खाताना दोन बोटं जबड्याखाली गळ्याला लावायची आणि ठोके बघायचे. ठोके उतरल्याशिवाय पुढच्या शिट्टीला सुटायचं नाही, मग बाकीच्या कितीही पुढं जावोत. बायकांना ते जमायचं नाही. शेजारीण सुटली की यांचेही पाय सुटायचे. कोकिळामावशी तेवढी गळ्याला बोटं लावून खांबासारखी उभी राहायची आणि तिचं तिला पटलं की मगच निघायची.

ती कुसुंबखेड्याची. पहाटे भरताची वांगी बाजारात घालायची आणि रिकामी टोपली शेडच्या दाराशी पालथी घालून वर्गात यायची. वय पंचेचाळिशीचं, अंग काटक, उतरवायला वजन म्हणाल तर नव्हतंच. बाकीच्या बायका आरशात बघायला यायच्या, ही माझ्याकडे बघायची. आणि तिचे प्रश्न! कमरेला ओझं बांधलं तर दम किती लवकर जातो? चढ असला तर श्वास कसा घ्यायचा? चढानंतर उतार लागला तर? पन्नाशीच्या जाड माणसाला हे चालतं का? आणि आता ही मागून येणारी गाडी.

मी मुळातच भोचक. जिथं आपलं काही काम नाही तिथं नाक खुपसल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरी आईला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, नवऱ्यापासून पळून जायचा बेत असेल बिचारीचा, तू आपली शिकव नीट. आईच्या विनोदानं माझं समाधान होण्यातलं नव्हतं. मी मावशीच्या मागंच लागले. शेवटी होळीच्या सुमाराला तिनं हात टेकले आणि म्हणाली, "उद्या सांजच्याले आमच्या मळ्यात भरीत खायले या. तठीच काय ते पाहून घ्या."

मी गेले. केळीच्या बागेच्या कडेनं गाडवाट जात होती आणि त्या वाटेवर जे दिसलं ते पाहून मी सायकलवरून उतरलेच. एक धिप्पाड, पोट सुटलेला माणूस कमरेला दोर बांधून बैलगाडी ओढत होता. बैल बाजूला निंबाखाली निवांत रवंथ करत होते. गाडीपुढं कोकिळामावशी उलट्या पावलांनी चालत होती. तिनं "येळकोट येळकोट जय मल्हार" असा पुकारा केला की तो माणूस सगळा जोर लावून गाडी खेचत धावायचा. मग ती तळहात वर करायची. तो जागच्या जागी थांबायचा, ती त्याच्या तोंडापाशी उभी राहून खंडोबाच्या आरतीचं एक कडवं म्हणायची, आणि तो तेवढ्यात श्वास घ्यायचा. कडवं संपलं की पुन्हा येळकोट, पुन्हा गाडी.

माझाच कुकर होता तो. फक्त शिट्टीच्या जागी देव आला होता.

भरीत खाताना तिच्या नवऱ्याची ओळख झाली. डिगंबर महाजन, गावचे भगत. बोलायला मऊ, चेष्टेखोर माणूस. मला ते वांग्यांचं गिऱ्हाईक समजत होते, आणि मावशीनंही तसंच सांगितलं होतं. "आमच्या हिचा नवस मोठा अजब हाये," ते मला म्हणाले. "कोनी देवाले नारळ बोलतं, कोनी बोकड. हिनं नवऱ्याची पळापळ बोलली."

ते बैल सोडायला गेल्यावर मावशीनं मला खरं काय ते सांगितलं. आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगाव बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकामागं एक बांधायच्या, बैल जुंपायचे नाहीत, वर माणसं खच्चून बसवायची, आणि त्या सगळ्या एकट्या भगतानं कमरेच्या दोरानं ओढत खंडोबाच्या देवळापर्यंत न्यायच्या. त्याच्या दोन्ही काखांना धरायला दोन माणसं असतात, त्यांना बगले म्हणतात. देवाची शक्ती भगताच्या अंगात येते आणि गाड्या चालतात, अशी श्रद्धा. मी हे ऐकून होते, पाहिलं कधीच नव्हतं. आमच्या आईला त्या गर्दीची भयंकर भीती, त्यामुळं आम्हा पोरींना तिनं कधी पाठवलं नाही.

"गाड्या चालू होन्यापर्यंत देव पाहून घेतो," मावशी म्हणाली. "चालू झाल्या की मग त्या कोनाच्या नसतात. कडुनिंबापाशी चढ हाये, तठी त्या मंदावतात. पुढं देवळापर्यंत उतार. उतारावर बाराच्या बारा मागून येतात, अन् पुढच्यानं पळालंच पाहिजे. माझ्या सासऱ्याचा दम तठीच गेला. पायावरून चाक गेलं, जन्मभर काठी राह्यली. अन् मागच्या साली यांचाही गेला. बगल्यांनी उचलून धरलं म्हनून लोकायले पाय चालताना दिसले. त्या राती यांना आडवं होता येईना. मी पाठ चोळत बसली व्हती, मले माहीत."

जळगावच्या डॉक्टरांनी तपासून काळजात दोष नाही म्हणून सांगितलं होतं. दम कमी पडतो, एकतर हे सोडा नाहीतर हळूहळू दम वाढवा. सोडणं शक्य नव्हतं, घराण्याचा मान होता. दम वाढवायला तालमीत जाणंही शक्य नव्हतं. ज्याच्या अंगात मल्हारी येतो त्याला कसरत कशाला लागते, असं एकानं जरी विचारलं असतं तरी भगतकी धुळीला मिळाली असती. मग बाजारात येणाऱ्या मावशीला माझ्या शेडमधून शिट्ट्या ऐकू आल्या. बायका पळतात, थांबतात, पुन्हा पळतात. आपल्या माणसाला हेच पाहिजे, हे तिला दारात उभ्या उभ्या कळलं. ती माझ्याकडं शिकायची आणि घरी जाऊन नवस म्हणून त्यांच्याकडून करून घ्यायची.

मला तिचं इतकं कौतुक वाटलं की घास हातातच राहिला. मी फक्त एक विचारलं, की ठोके कसे बघतेस? गळ्याला बोटं लावलीस तर ते विचारतील ना?

"ते मी पाहाते बरोबर," ती म्हणाली आणि मला आणखी भरीत वाढलं. खोदून खोदून विचारलं तरी त्यापुढं बोलली नाही.

त्यानंतर मी तिला खास शिकवायला लागले. आधी एक गाडी रिकामी, मग तिच्यात शेणखत, मग बांधाचा चढ, मग उतारावर नुसतं मोकळं पळणं. दम खाताना श्वास नाकानं. ओढायच्या दिवसानंतर एक दिवस पूर्ण आराम. कुठं छातीत दुखलं, चक्कर आली, तर त्या दिवशी सगळं बंद. ती एकेक गोष्ट माझ्याकडून दोनदा म्हणवून घ्यायची. चैत्र सरेपर्यंत फरक दिसायला लागला. पूर्वी कडवं संपलं तरी डिगंबरभाऊंचा भाता चालूच असायचा, आता अर्ध्या कडव्यात ते ताठ उभे राहून आरतीत सूर मिसळू लागले, आणि सूर वाईट होता. रात्री सपाट झोपायला लागले. मावशीचंही अंग बदललं होतं. वांग्यांची भरलेली टोपली डोक्यावर घ्यायला तिला आता कुणाचा हात लागत नव्हता.

आखाजीच्या दिवशी मी दुपारीच कुसुंबखेड्याला पोचले. माहेरी आलेल्या पोरी झाडाझाडांवर झोके घेत होत्या, गाणी चालली होती, ऊन मी म्हणत होतं. मावशी घरात देवापुढं बसली होती. त्या गावची रीत अशी, की गाड्या बांधायला घेतल्यापासून त्या देवळाला लागेपर्यंत भगताच्या बायकोनं उंबरा ओलांडायचा नाही. घरातल्या देवापुढचा दिवा तिनं सांभाळायचा. दिवा विझला किंवा ती उठली, तर गाड्यांवर जे येईल ते तिच्या नावावर. मावशी मला म्हणाली, तुम्ही सगळं पाहा अन् मले येऊन सांगा. मी आनंदानं कबूल केलं. एवढ्या दिवसांची माझी उत्सुकता आता फिटणार होती. एक माणूस बारा गाड्या ओढतो म्हणजे नक्की काय करतो, ते मला जवळून बघायचं होतं.

ऊन उतरल्यावर मी वेशीजवळच्या एका ओट्यावर जागा पटकावली. गाड्यांची रांग समोरच होती. माणसं धुऱ्यांवर, चाकांवर, जिथं हात धरायला मिळेल तिथं लटकली होती. डिगंबरभाऊ भंडाऱ्यानं पिवळे झाले होते, डोळे कुठंतरी लांब लागले होते. मळ्यात चेष्टा करणारा तो माणूस मला त्यांच्यात कुठं दिसेना. ते गाड्यांना प्रदक्षिणा घालायला लागले आणि गर्दीतून पुकारा उठला.

"येळकोट येळकोट जय मल्हार!"

अंगावर काटा आला. मीही हात वर केला. पुन्हा पुकारा झाला. मग पुन्हा. पहिला विरायच्या आत दुसरा, ढोल त्यावर चढलेले. हे मधे थांबतं की नाही, असं मी शेजारच्या म्हाताऱ्याला सहज विचारलं. तो हसला. देवळापर्यंत खंड पडत नाही, तो म्हणाला, खंड पडला तर मग यात्रा कसली?

आणि मला मळा आठवला. तीन महिने मावशीनं त्या माणसाला एकच शिकवलं होतं. येळकोट कानावर पडलं की जीव तोडून सुटायचं, आणि तिनं तळहात वर करून आरती म्हटली की थांबायचं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, वाहवा केली होती. आज सगळं गाव येळकोट म्हणणार होतं, न थांबता. आणि आरती म्हणणारी घरात दिव्यापाशी बसलेली होती.

ओट्यावरून उडी मारली ती थेट गल्लीत. त्या दिवशी मी जशी पळाले तशी वर्गात कधी पळाले नव्हते. मावशीच्या दारात पोचले तेव्हा बोलायला श्वास नव्हता. ती तेलाची वाटी घेऊन बसली होती, माझ्याकडं बघून पांढरी पडली.

"अजून सुटल्या नाहीत," मी कसंबसं म्हटलं. "मावशी, गाड्यांमागं लोक काय ओरडतात?"

"येळकोट. दुसरं काय ओरडतील?"

"आणि थांबतात कधी?"

"थांबत नहीत. देवळापर्यंत—" ती बोलता बोलता थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मला पुढं काही सांगावं लागलं नाही. "मीच शिकवलं," ती म्हणाली. "कडुनिंबापर्यंतच जातील ते. उताराले दम उरनार नही."

बाहेर ढोलांचा आवाज बदलला. गाड्या सुटल्या होत्या. मावशीनं उंबऱ्याकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं.

"मी उठली अन् काही झालं, तर गाव मले जन्मभर बोलेल," ती हळूच म्हणाली. मग देवाकडं बघूनच म्हणाली, "अन् नही उठली अन् काही झालं, तर मी कोनाले बोलू?"

तेलाची वाटी तिनं माझ्या हातात दिली. "बसा दिव्यापाशी. वात खाली जाऊ देऊ नका." पदर खोचला, ताटातली भंडाऱ्याची वाटी उचलली, आणि उंबरा ओलांडून ती पळत सुटली. शेडमध्ये एका शिट्टीवर सुटायची तशीच.

तर अशी माझी फजिती झाली. आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट चार गल्ल्या पलीकडं घडत होती आणि सगळ्या तालुक्यात भोचक म्हणून गाजलेली मी परक्या घरात देवासमोर वात सारत बसले होते. उठून दारापर्यंत जावं असं दहादा वाटलं. पण वाऱ्यानं ज्योत हलली की हात आपोआप आडवा जायचा. मी देवधर्म करणारी नाही, तरी त्या वेळी तो दिवा विझला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

आवाज चढत गेला. येळकोट, ढोल, चाकांची धडधड. पुकारा जितका जोरात, तितके ते जोरात ओढत असणार, हे मला तिथं बसून कळत होतं. आवाज कडुनिंबाच्या अंगाला सरकला. आणि एकदम बंद पडला.

ढोल नाही, पुकारा नाही. बायकांची कुजबुजसुद्धा नाही. यात्रेत खंड पडला म्हणजे एकच अर्थ होता आणि तो मला मनात आणायचा नव्हता. माझेच ठोके मला कानात ऐकू येत होते.

मग लांबून एकट्या बाईचा आवाज आला. बारीक, फाटलेला, पण आरतीच्या चालीत. एका ओळीनंतर दुसरा आवाज त्याला मिळाला, मग दहा, मग सगळं गाव. मी वाटी खाली ठेवली आणि रडायला लागले. कडवं पूर्ण झालं, क्षणभर शांतता झाली, आणि त्या बाईनं पहिला पुकारा केला. नंतर जो गजर उठला तो उतारावरून धडधडत थेट देवळापर्यंत गेला, आणि तिथं घंटा वाजायला लागल्या.

काय झालं ते मला दहा जणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं. मुद्दा एवढा, की भगत कडुनिंबापाशी आले तेव्हा त्यांचे डोळे पांढरे झाले होते आणि पाय लटपटत होते. चढावर गाड्या मंदावल्या, तेवढ्यात मावशी रस्त्यात मधोमध येऊन उभी राहिली आणि तिनं तळहात वर केला. डिगंबरभाऊ जागच्या जागी थांबले. लोकांनी घाबरून चाकांना दगड लावले. यात्रेचे मानकरी सुपडूआप्पा काठी घेऊन धावले, भगतीण रस्त्यात आलीच कशी म्हणून. पण तोवर तिनं नवऱ्याला भंडारा लावून आरती सुरू केली होती, आणि देवाची आरती चालू असताना कोण ओरडणार? आप्पांनी काठी काखेत धरली आणि हात जोडले. सगळ्या गावाचं येळकोट त्या एका कडव्यापुरतं थांबलं. पुढचा उतार भगत गाड्यांच्या चांगले दहा हात पुढं पळत उतरले आणि देवळाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढले.

अंधार पडता पडता सुपडूआप्पा चार जणांना घेऊन घरी आले. मावशी नवऱ्याच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते आधी देवापुढं गेले, दिव्याकडं बराच वेळ बघत राहिले, मग माझ्याकडं. कोणाची तू, म्हणून विचारलं. मी झोपे म्हणून सांगितलं.

"दिवा तर जळूच राह्यला," आप्पा स्वतःशीच म्हणाले. मग मागं वळून चौघांना म्हणाले, "देवानं निंबाखाली आरती मागितली. दुसरं काय?"

मावशीनं पदर डोळ्यांना लावला.

मी निघाले तेव्हा डिगंबरभाऊ अंगणापर्यंत सोडायला आले. सायकलचा दिवा लावून दिला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, शिट्टी नही आनली आज?"

वांग्यांच्या गिऱ्हाइकाला कसली शिट्टी, असं मी विचारलं.

"देव पळा म्हनंल, थांबा म्हनंल," ते म्हणाले. "पन नाकानं श्वास घ्या असं देव सांगत नही. तेवढं मले कळतं. हिले सांगू नका. तिले वाटू द्या, भगत भोळा हाये."

पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं, शेड सुटली, मी नाशिकला आले. कुसुंबखेड्याच्या बारागाड्या बघायच्या राहूनच गेल्या. यंदा आखाजीला माहेरी होते, तर हट्टानं गेले. डिगंबरभाऊ आता थकलेत, ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. भगतकी मुलाकडं आली आहे. मी मुद्दाम कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले, तर यात्रा कमिटीचा बिल्ला लावलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "ताई, मांगे सरका. अठी भगतीनबाईचा मान असतो."

कधीपासून, असं मी विचारलं.

"पहिल्यापासून," ते म्हणाले. "आमच्या बापजाद्यापासून. अठी आरती झाल्याशिवाय गाड्या उताराले लागत नहीत. देवाची आज्ञा हाये."

मी मागं सरकले. गाड्या चढावर आल्या, मंदावल्या, थांबल्या. ढोल बंद झाले. गर्दीतून कोकिळामावशीची सून भंडाऱ्याची वाटी घेऊन पुढं आली, आणि आरती सुरू झाली. तिनं दोन बोटं भंडाऱ्यात बुडवली. मला वाटलं आता नवऱ्याच्या कपाळाला लावील. तिनं ती त्याच्या जबड्याखाली गळ्याला लावली आणि तिथंच ठेवली.

"कपाळाला का नाही लावत?" मी त्या गृहस्थांना विचारलं.

"रीतच हाये तशी," ते म्हणाले. "भंडारा गळ्यालेच."

पलीकडच्या बाजूला मावशी उभी होती. केस पिकले होते, पाठ तशीच ताठ. तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं, ती सुनेच्या बोटांकडं बघत होती. कडवं संपलं. सुनेची बोटं हलली नाहीत, ओठ मात्र पुटपुटल्यासारखे हलत होते. बारा गाड्या, त्यांच्यावरची माणसं, यात्रा कमिटी, सगळं गाव हात जोडून उभं होतं. मग कुणीही न सांगता लोकांनी दुसरं कडवं म्हणायला घेतलं.